लाल पेन्सिलीचं टिंब

खोकं इतकं अवाढव्य होतं की कटिंगच्या टेबलावर ठेवल्याबरोबर पलीकडे बसलेली वहिनी दिसेनाशी झाली. नुसता तिचा आवाज येत राहिला.

"बारा पाकिटं," दादाने जाहीर केलं. "एकेका पाकिटात दहा. चार महिने डोक्याला ताप नाही."

"दिवसाला एकच?" खोक्यामागून वहिनी म्हणाली. "मोजे आहेत का ते?"

"आणि ताप डोक्याला नाहीच आहे, दादा," धाकटा म्हणाला. "ताप बराच खाली आहे."

मधलीला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. रविवारची दुपार होती. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं, शिलाईची तिन्ही यंत्रं झाकलेली होती, आणि दाराशी अप्पांची निळी बॅग भरून तयार उभी होती. सहा वाजता दादा अप्पांना गाडीत घालून आपल्या घरी नेणार होता. 'थोडे दिवस' असं तो म्हणत होता, पण बॅगेत त्याने दोन स्वेटर भरलेले मधलीने पाहिले होते, आणि बाहेर तर घामाच्या धारा लागलेल्या होत्या.

उद्या सकाळी अकराला जज्जसाहेब नव्या सुटाच्या ट्रायलला यायचे होते. उद्या अप्पा आपल्या स्टुलावर नसले तर पुन्हा कधीच नसतील, हे मधलीला पुरतं ठाऊक होतं. छप्पन्न वर्षं त्या स्टुलावर बसून कापड कापणारा माणूस दादाच्या अकराव्या मजल्यावरच्या सोफ्यावर नेऊन ठेवला, की महिन्याभरात त्याचं गाठोडं व्हायचं. आणि हे सगळं तिच्याच तोंडामुळे झालं होतं. ती गप्प बसली असती तर आज खोकंही नसतं आणि बॅगही नसती.

त्याचं असं झालं. दोन महिन्यांपासून अप्पांच्या हातून चहा सांडायला लागला. नेमका मांडीवर, दिवसातून एकदा, कधी दोनदा. चहा नसेल तेव्हा पाणी. दादाला फोनवर कळलं तेव्हा त्याने फोनवरच कंपवाताचं निदान करून टाकलं. पण कंपवात झालेला माणूस खडूने पँटच्या बाजूची सरळ रेघ एका दमात ओढत नाही, आणि अप्पा ती रोज ओढत होते. चोवीस वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून कात्री चालवणाऱ्या मधलीला हे कुठेतरी खुपत होतं. म्हणून एक दिवस तिने पेल्याकडे न बघता अप्पांकडे बघितलं. अप्पा आधी एकदम स्तब्ध झाले. मग त्यांनी हळूच खाली पाहिलं. आणि मग शांतपणे, नेम धरून, अख्खा पेला स्वतःच्या मांडीवर ओतला.

"सांडला," ते म्हणाले.

समोर तेव्हा जज्जसाहेब बसले होते, निवृत्त झालेले, ताठ मानेचे, हसताना कुणी न पाहिलेले. ते उठता उठता म्हणाले, "चालायचंच मास्तर. माझ्याही हातून सांडतो." मधलीला ते त्या दिवशी फारच मोठ्या मनाचे वाटले.

आठ दिवस तिने ओठ आवळून गुपित राखलं. नवव्या दिवशी तिने ते वहिनीला सांगितलं, कारण वहिनीने स्वतःच्या आईचं सगळं तीन वर्षं केलेलं होतं. वहिनीने दादाला सांगितलं. आणि दादा विमा कंपनीत होता. जळालेली गोदामं आणि चेपलेल्या मोटारी बघून नुकसान किती ते ठरवण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे बघितलं की त्याला ती आधी मोडीत काढावीशी वाटे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, फरक पडायला दीड-दोन महिने लागतील, पूर्ण थांबेल असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. दादाने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

"तर," दादा आता म्हणाला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मी एक तक्ता केलाय. बाजारात तीन प्रकार मिळतात. एक, बाजूने चिकटपट्टीचा. दोन, चड्डीसारखा. तीन, आतून लावायचा नुसता पॅड. प्रत्येकाची द्रव धारण करण्याची क्षमता..."

"द्रव!" धाकटा म्हणाला. "दादा, घरात पाहुणे नाहीत. लघवी म्हण."

"तू जरा सभ्यपणे बोल."

"मी नळ विकतो. माझ्या धंद्यात गळतं त्याला गळतंच म्हणतात. अप्पांचा वॉशर गेलाय, एवढीच गोष्ट आहे. वॉशर गेला म्हणून कुणी अख्खी मोरी उखडून दुसऱ्याच्या घरी नेऊन बसवत नाही."

मधलीने त्याच्याकडे आशेने पाहिलं. धाकटा दोन गल्ल्या पलीकडे राहत असे, अधूनमधून जेवायला इथे येत असे, आणि भांडणात ज्याच्या हातात शेवटचा चहाचा कप असेल त्याच्या बाजूचा होत असे. आज त्याला चहा मधलीने दिला होता. पण एवढ्यावर किती विसंबायचं, हाही प्रश्नच होता.

"वहिनी, तू सांग," मधली म्हणाली. "तुला कळतं ह्यातलं."

वहिनी खोक्याला वळसा घालून पुढे आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि ऐकीव गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. तिने पर्समधून तीन नमुने काढले, टेबलावरचं कापड बाजूला सारलं, आणि मधलीला म्हणाली, "एक तांब्या पाणी आण. आणि चहाचा कप."

पुढची दहा मिनिटं त्या टेबलावर, जिथे शहरातल्या निम्म्या बड्या लोकांचे कोट कापले गेले होते, तिथे वहिनीने कपाने पाणी मोजून ओतलं. नुसता पॅड दोन कपांत टम्म फुगला. चड्डीसारख्याने पाच कप गिळले. चिकटपट्टीवाला आठ कप पिऊनही वरून कोरडा राहिला. वहिनीने त्यावर तळहात दाबून दाखवला.

"आठ कप!" दादा थक्क झाला. "मग हाच घेऊ."

"अप्पा आहेत की पाण्याची टाकी?" वहिनी म्हणाली. "जास्त मावतं तेच चांगलं असं नसतं. हा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा. लावायला दुसरं माणूस लागतं. माझ्या आईला लागायचं, ती उठत नव्हती. अप्पा जिने चढतात."

"तेच म्हणतोय मी. माझ्याकडे जिनाच नाही. लिफ्ट आहे, खोलीला लागून बाथरूम आहे, दिवसभराचा माणूस ठेवतोय."

"माणूस?" मधली म्हणाली. "तो अप्पांना चड्डी घालणार? अप्पा त्याची बोटं कापतील."

"मधले, भावनेच्या भरात बोलू नकोस. काल वापरून बघितलं ना? मी पाठवलेल्या पाकिटातलं? काय झालं?"

 काल काय झालं ते मधलीनेच सांगितलं होतं. ह्या घरात तिचं तोंड म्हणजे दुसरा गळका नळ होता. काल सकाळी अप्पांनी काही न बोलता पाकीट घेतलं, काही न बोलता घालून खाली आले, आणि दोन तासांनी बाजूने ओघळ आला. ह्या वेळी त्यांनी चहाही मागवला नाही. उठले आणि वर जाऊन पडून राहिले. कालपासून ते टेबलापाशी आले नव्हते. आताही वरच झोपलेले असणार.

"म्हणजे तेही करून झालं," दादा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "मला काय हौस आहे का गं? उद्या जज्जसाहेबांसमोर काही झालं, तर? अप्पांनी कधी कुणासमोर मान खाली घातली नाही. मला ते बघवणार नाही."

हे तो खरं बोलत होता, आणि तेच अवघड होतं. दुष्ट भाऊ असता तर मधलीने त्याला केव्हाच गप्प केलं असतं.

"जाऊ दे ताई," धाकटा म्हणाला. त्याचा कप रिकामा झाला होता. "थोडे दिवस जाऊन येऊ देत. मीसुद्धा भेटत जाईन."

"स्वेटर भरलेत त्याने!" मधली ओरडली.

कुणाला काही कळलं नाही. वहिनीने मात्र चमकून बॅगेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "थोडे दिवस म्हणाला होतात मला," ती म्हणाली.

"एसी असतो आपल्याकडे."

"आपला एसी गेल्या वर्षीपासून बंद आहे."

तेवढ्यावर वहिनीने पक्ष बदलला. खोकं फोडून तिने एक चड्डी बाहेर काढली, दोन्ही हातांनी कमरेपाशी ताणून धरली आणि डोळे बारीक केले. "ही अप्पांना बसते?"

"मध्यम आहे. तीस ते छत्तीस. मधलीनेच माप दिलं. चौतीस."

"तू मोजलंस?"

"मी?" मधली म्हणाली. "अप्पांना? टेप लावून?"

तो प्रश्नच विचित्र होता. अप्पांचं माप कुणी घ्यायचं नसतं; अप्पा लोकांची मापं घेतात. त्यांच्या पँटी ते स्वतः कापत, स्वतः शिवत, त्यांच्या कापडाला कुणी हातसुद्धा लावत नसे. दादाने फोनवर माप विचारलं तेव्हा मधलीने मापांचं रजिस्टर उघडलं होतं आणि अप्पांच्या पानावरचा आकडा वाचून दाखवला होता.

"आण ते रजिस्टर," वहिनी म्हणाली.

लाल कापडी पाठीचं जाडजूड रजिस्टर धाकट्याने कपाटातून ओढून काढलं आणि मधल्याच पानापासून चाळायला लागला. "कुणाकुणाची कंबर आहे रे इथे! हा बँडमास्तर, तीस? ह्या माणसाला मी परवा रस्त्यात बघितलं, तीस इंच तर त्याची मान असेल. आणि ही लाल टिंबं कसली?"

"किचकट गिऱ्हाईक," मधली म्हणाली.

"अप्पा म्हणाले?"

"म्हणाले नाहीत. पण टिंब असलं की ते म्हणतात, 'ह्याची सीट मी बघतो,' आणि पँटच्या मागच्या भागाचं कापड माझ्या हातून काढून घेतात. म्हणजे किचकटच."

"जज्जसाहेबांनाही टिंब आहे. बरोबर, तो चेहराच किचकट आहे. कंबर छत्तीस."

"अडतीस," मधली सवयीने म्हणाली.

"छत्तीस लिहिलंय."

"लिहिलंय छत्तीस, पण कापायचं अडतीसवर. आपल्याकडे..." आणि तिचं वाक्य तोंडातच राहिलं.

दुकानाची ही जुनी रीत होती. मास्तर टेप लावून आकडा मोठ्याने सांगणार आणि दुसरा लिहिणार. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून ऐकत असतं. म्हणून अप्पा कंबर नेहमी दोन इंच कमी सांगत. गिऱ्हाईक खूश होऊन पोट सोडून श्वास घेई, आणि लिहिणारा कापताना गुपचूप दोन इंच वाढवी. बाहेरच्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. मधलीच्या तर ते हाडीमाशी इतकं भिनलं होतं की गिऱ्हाइकाचं पान उघडलं की ती मनातल्या मनात दोन मिळवूनच वाचायची. पण बापाच्या पानावर तिने दोन मिळवले नव्हते. बाप स्वतःलाच कशाला फसवेल, असं तिला वाटलं होतं.

तिने रजिस्टर हिसकावून घेतलं आणि अप्पांचं पान काढलं. अक्षर आईचं होतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे आरशासमोर अप्पा स्वतः उभे राहिले, टेप त्यांनी स्वतः लावली, आणि बायकोने लिहावं म्हणून मोठ्याने सांगितलं, चौतीस. बायकोसमोरसुद्धा दोन इंच कमी.

"छत्तीस होती," मधली म्हणाली. "तेव्हाच छत्तीस होती. आणि ह्याला सात-आठ वर्षं झाली. दादा, माप चुकलंय! चड्डी लहान होती, म्हणून बाजूने ओघळलं. अप्पांचं काही चुकलेलं नाही."

"शाबास," वहिनी म्हणाली. "आणि ह्यात नुसती कंबर धरत नाहीत. कंबर आणि सीट, दोन्हीत जे जास्त ते. हे कुणी वाचलं नाही? खोक्यावर चित्र काढून दाखवलंय."

दादाने आपला तक्ता हळूच दुमडला. पण माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. "ठीक आहे. मोठा साईज मागवू. पण मोजणार कोण? तू? धाकटा? अप्पांना जाऊन सांगणार कोण, की उभे राहा, तुमची..."

"टेप घेऊन आत ये," पडद्यामागून अप्पांचा आवाज आला. "एकटीच."

चौघांच्याही तोंडचं पाणी पळालं. दुकानाच्या कोपऱ्यात ट्रायलची खोली होती, खोली म्हणजे लाकडी फळ्यांचं कपाट आणि त्याला एक करडा पडदा. तो पडदा बंद होता. तो आपणच सकाळी ओढला असावा, असं मधलीने धरून चाललं होतं.

"अप्पा, तुम्ही कधीपासून आत आहात?" दादाने विचारलं.

"वॉशरच्या आधीपासून."

धाकट्याने रजिस्टरात तोंड लपवलं.

मधली टेप घेऊन आत गेली. अप्पा आरशाकडे पाठ करून उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा, गळ्यात स्वतःची टेप, आणि खाली बारीक, पांढऱ्या पोटऱ्या. पँट खुंटीवर नीट घडीवर टांगलेली. अंगातली ती मध्यम चड्डी मांडीपाशी दोन्हीकडून फाटली होती. पाकिटातली दुसरी एखादी तरी बसते का, हे एकट्याने बघायला ते जेवण झाल्यावर गुपचूप खाली उतरले होते, आणि तेवढ्यात दादाने शटर उचललं होतं. तेव्हापासून ते इथे असे उभे होते, पाऊण तास, पोरांची सभा ऐकत. मधलीने मनगटाने डोळे पुसले. तिला वाटलं, आत्ता बाहेर जावं आणि ते खोकं रस्त्यावर भिरकावून द्यावं.

"रडायचं असेल तर वर जाऊन रड," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "इथे माप घ्यायचंय."

"तो चहा..." ती म्हणाली.

"तुला केव्हा कळलं?"

"तुमच्या हाताला कंप नाही, हे मला रोज दिसत होतं."

अप्पांनी मान हलवली. ती दाद होती की दुसरं काही, ते तिला कळलं नाही. "मग मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

 मधलीने गुडघे टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या कमरेभोवती टेप फिरवली. तिच्या हातांना सवय होती, म्हणून ते आपोआप चालले. टेप सपाट, आत एक बोट, पोट ओढून धरलं असेल तर तीन मोजेपर्यंत थांबायचं. अप्पांनी पोट ओढून धरलेलं होतं. तिसऱ्या आकड्याला ते सुटलं. टेपवर एकोणचाळीस आले.

बाहेर धाकटा पेन उघडून बसला होता. मधलीने गळा साफ केला आणि रिवाजाप्रमाणे मोठ्याने सांगितलं, "कंबर, सदतीस!"

 मग अप्पांनी पडद्याकडे तोंड केलं.

"एकोणचाळीस लिही," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "पँटला दोन इंच खोटं बोलून चालतं. ह्याला चालत नाही, काल बघितलं. सीट किती गं?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस लिही. आणि ती पाण्याने भिजवलेली चिंधी माझ्या टेबलावरून उचला. शंभर वेळा सांगितलंय, कटिंगच्या टेबलावर पाणी नको."

पाच मिनिटांनी अप्पा पँट चढवून बाहेर आले तेव्हा सभेचा अध्यक्ष बदललेला होता. ते स्टुलावर बसले, चष्मा लावला, आणि मोठी कात्री घेऊन त्यांनी एक कोरी चड्डी मधोमध उभी कापली. आतले थर बोटांनी सुटे केले. कापूस, कापसात साखरेसारखे बारीक दाणे, बाहेर प्लास्टिकचा पापुद्रा, मांडीपाशी रबराची चुणी. 

"शिवणारा बरा आहे," अप्पा म्हणाले. "पण कापणारा गाढव. पुढे आणि मागे सारखीच उंची ठेवलीय. माणूस काय पुढून आणि मागून सारखा असतो? बसला की मागून सरकणार." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "सूनबाई, ह्याच्यात मागे उंच असलेली मिळते का?"

"मिळते अप्पा. दुसऱ्या कंपनीची. मी माहिती काढली होती, पण ह्यांनी तक्ता केला होता."

"आणि आवाज किती येतो? थोरल्या, इकडे ये."

"मी?"

"तुझी कंबर माझ्याएवढीच आहे. ही घाल, पँटवरूनच. चालून दाखव."

"अप्पा, मी छप्पन्न वर्षांचा आहे."

"मग सवय करून ठेव."

वहिनी नवऱ्याच्या मदतीला जाईल असं वाटलं होतं. ती खुर्ची सरकवून नीट दिसेल अशी बसली. विमा कंपनीचा वरिष्ठ अधिकारी एका पायावर नाचत, टेबलाला धरून, मध्यम आकाराची चड्डी आपल्या परीटघडीच्या पँटवर चढवू लागला. ती गुडघ्यांवरून कशीबशी गेली, मांडीवर कुरकुरली. अप्पांनी बोटाने दाराकडे खूण केली. दादा दारापर्यंत गेला आणि परत आला. प्रत्येक पावलाला चुरचुर ऐकू येत होतं.

"आता बस."

दादा स्टुलावर बसला. दोन्हीकडून टर्रकन आवाज झाला आणि आतलं सगळं बाहेर आलं.

धाकटा हसता हसता जमिनीवर बसला. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दादा क्षणभर लालबुंद होऊन तसाच बसला, मग त्याने खाली आपल्या मांडीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"काल तुमचं असं झालं?" त्याने अप्पांना विचारलं.

"असंच. पण माझ्यासमोर तेव्हा हसणारं कुणी नव्हतं. तेवढंच बरं होतं."

दादाने मान खाली घातली. तो रबराचा फाटका तुकडा बोटात गुंडाळत राहिला. "मला वाटलं, तुम्हाला लाज वाटेल," तो म्हणाला. "म्हणून नेत होतो."

"वाटतेच," अप्पा म्हणाले. "रोज वाटते. अकराव्या मजल्यावर काय कमी वाटणार आहे? तिथे लाजच वाटत बसायचं, दुसरं कामच नाही."

 वहिनीने उठून कागद-पेन घेतलं आणि स्टुलाशेजारी बसली. दिवसाची मोठ्या मापाची, मागे उंच असलेली, कमी आवाजाची. रात्रीची जास्त मावणारी. दर तीन तासांनी बदलायची, वाट बघत बसायचं नाही. ओली झालेली टाकायला झाकणाचा डबा ट्रायलच्या खोलीत. अप्पांनी प्रत्येक ओळ ऐकली, दोन ठिकाणी हरकत घेतली, एक मान्य करून घेतली. आधी एकच पाकीट आणायचं, पसंत पडलं तर पुढचं, हे त्यांनी दादाकडे बघून सांगितलं. खोक्यातली उरलेली पाकिटं चौकापलीकडच्या रुग्णालयात देऊन टाकायची ठरली. बारीक कमरेचे लोक तिथे पुष्कळ असतात, असं धाकटा म्हणाला.

"पण अप्पा, पँट?" मधली म्हणाली. तिच्यातला शिंपी आता कुठे जागा झाला. "ही आत घातली की तुमची नेहमीची पँट मागून फुगलेली दिसेल. घट्ट बसेल."

"मग शीव ना नवी. राखाडी कापड पडलंय. रजिस्टर घे, माझं पान पूर्ण कर." अप्पांनी टेबलाच्या खणातून लाल पेन्सिलीचा तुकडा काढून तिच्यासमोर ठेवला. "सीटच्या पुढे टिंब दे."

मधलीने पेन्सिल उचलली आणि थांबली. "टिंब? तुम्ही कुठे किचकट गिऱ्हाईक आहात?"

"किचकट कुणी सांगितलं तुला? टिंब म्हणजे सीटला दीड इंच जास्त, आणि मागच्या चुणीत अस्तर दुहेरी. आत काही घालत असतात ते. बाहेरून कळता कामा नये." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माप घेताना हाताला लागतं. आपण काही बोलायचं नाही. टिंब द्यायचं आणि सीट आपण स्वतः बघायची."

 मधलीने पानं उलटायला सुरुवात केली. बँडमास्तर. दोन शाळांचे मुख्याध्यापक. तो व्याख्याता, जो दोन-दोन तास उभा राहून बोलतो. कुस्ती शिकवणारे ते आडदांड गृहस्थ. टिंब, टिंब, टिंब. इतकी वर्षं ह्या माणसांना ती मनातल्या मनात किचकट म्हणत आली होती, आणि ती सगळी ताठ मानेने गावात फिरत होती ती तिच्या बापाच्या दीड इंचावर.

"जज्जसाहेब?" तिने विचारलं.

"आठ वर्षं."

"म्हणून ते त्या दिवशी म्हणाले, माझ्याही हातून सांडतो."

"त्यांना कळलं होतं," अप्पा म्हणाले. "मला त्यांचं कळलं होतं तसंच. उद्या त्यांची सीट तू बघ. आता तुला ठाऊक असलेलं बरं. मी बघेन तुझ्या शेजारी बसून."

मधलीने आईच्या अक्षरातला चौतीस तसाच ठेवला. धाकट्याने त्याच्याखाली वेड्यावाकड्या अक्षरात एकोणचाळीस आणि एक्केचाळीस लिहिलं होतं. एक्केचाळीसच्या पुढे तिने पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि एक गोल, ठसठशीत टिंब दिलं. 

"अप्पा," धाकट्याने दबक्या आवाजात विचारलं, "माझ्या पानावर नाही ना टिंब?"

अप्पांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "जागा सोडून ठेवलीय."

सहा वाजायला दहा मिनिटं होती. दादा उठला, मांडीला चिकटलेला कापूस झटकला आणि दाराशी जाऊन निळी बॅग उचलली. मधली उठून उभी राहिली. पण तो दाराबाहेर गेला नाही, आतल्या जिन्याकडे वळला.

"ही कुठे ठेवू?" पहिल्या पायरीवर थांबून त्याने विचारलं.

"जिथून काढलीस तिथे," अप्पा म्हणाले. "आणि खाली येताना चहा करून आण. माझा भरून. आज सांडायचा नाहीये."